दिघे मॅडमचा नंबर

कुमुदिनी दिघे यांचा फोन दिवसभर जेवढा वाजायचा तेवढा एखाद्या आमदाराचाही वाजत नसेल. सकाळी दात घासताना जी टुणटुण सुरू व्हायची ती थेट अंथरुणावर पडेपर्यंत. फोन, मेसेज, ओटीपी, पुन्हा फोन. आणि गंमत अशी, की त्यातलं काहीही त्यांच्यासाठी नसायचं. एक फोन सोडून. गोष्ट त्या एका फोनचीच आहे, पण तिथवर पोचायचं तर आधी हॉस्पिटलच्या हिशेबातून जावं लागेल. कंटाळू नका, हिशेब फार लांबवत नाही.

इंदूरला तुकोगंजात मोठ्या रस्त्यापासून जरा आत यमुनाबाई धर्मार्थ रुग्णालय आहे. जुन्या काळी कुण्या मराठी बाईंनी अंगावरचे दागिने मोडून ते बांधलं. आता धर्मार्थ म्हटलं की पैशाची बोंब आलीच. कुमुदिनीबाई बी.कॉम. झाल्या झाल्या तिथे अकाउंट्सला चिकटल्या आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होत्या, फक्त खुर्ची मोठी झाली होती. आजोबा होळकरांच्या खजिन्यात कारकून, वडील सरकारी ट्रेझरीत; दुसऱ्याच्या पैशाची राखण करणं घराण्यातच होतं. लग्न राहून गेलं. का राहून गेलं, हे इंदूरच्या मराठी मंडळींनी बरीच वर्षं चघळलं आणि चव गेल्यावर टाकून दिलं. आईवडील गेले. भाऊ रघुवीर बंगळूरला. तो दिवाळीला पणत्यांचं एक चित्र पाठवायचा, खाली त्याचं, बायकोचं आणि मुलांचं नाव छापलेलं. तेच चित्र त्याच्या ऑफिसातही सगळ्यांना जात असणार, हे न कळण्याइतक्या कुमुदिनीबाई भोळ्या नव्हत्या.

भोळ्या तर नव्हत्याच, वर तिखट होत्या. कुणी नवं पेन मागायला आलं तर आधी जुनं दाखव म्हणायच्या. औषधवाला उधारी मागायला आला की त्याला चहा पाजून अर्धी रक्कम आणि अख्खा उपदेश देऊन परत पाठवायच्या. नर्सेस त्यांना मागे ‘कुलूप’ म्हणायच्या, आणि त्यांना ते माहीत होतं. पण महिन्याची तोंडमिळवणी करावी ती त्यांनीच. पगार कधी चुकला नाही, हा त्यांचा एकच मोठेपणा, आणि तो मिरवायला त्या कमी करत नसत.

मग सरकारी विम्याचं कार्ड आलं. गरिबाने कार्ड दाखवायचं, उपचार फुकट, आणि बिल सरकार हॉस्पिटलला देणार. कल्पना झकास. दर ऑपरेशनचा भाव ठरलेला, त्याला पॅकेज म्हणायचं. माणूस दोन दिवसांत हसत घरी गेला काय किंवा ताप येऊन पंधरा दिवस लोळला काय, हॉस्पिटलला पैसे तेवढेच. आणि तेही कागद पाठवा, पेशंटचा फोटो पाठवा, वर बसलेल्या न दिसणाऱ्या साहेबाने शंका काढली की तिचं उत्तर पाठवा, त्यानंतर. तोवर ऑक्सिजनवाला, धोबी आणि पगार हे दारात उभेच. पण कार्डामुळे ओसाड पडलेले वॉर्ड भरले, हेही खरं. देपालपूर, बेटमा, सांवेर, कुठून कुठून माणसं यायला लागली. वर्षा-दोन वर्षांत हॉस्पिटलची सगळी भिस्त कार्डवाल्या पेशंटांवर आली.

आणि इथेच त्या नंबरची भानगड झाली. कार्ड चालवायचं तर मोबाईलवर एक ओटीपी येतो, तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पेशंट स्ट्रेचरवर कळवळतोय आणि फोन कुणाकडे? तर पोराकडे, आणि पोरगा पीथमपूरच्या फॅक्टरीत, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. कुणाचं रिचार्ज संपलेलं. कुणाकडे फोनच नाही. असा एक म्हातारा पहिल्या महिन्यात आला, हर्निया अडकलेला, ओठ निळे पडत चाललेले, आणि काउंटरवरचा मुलगा नियम सांगत बसलेला. कुमुदिनीबाई तिथून चालल्या होत्या. त्यांचं डोकं फिरलं. ‘टाक माझा नंबर आणि आत घे त्यांना,’ असं म्हणून त्या पुढे गेल्या. म्हातारा वाचला. पण मग ती वहिवाटच पडली. कुणाकडे नंबर नसला की काउंटरवरून आवाज यायचा, दिघे मॅडमचा टाका ना यार.

त्यातून काय काय मजा झाली म्हणता! सरकारच्या लेखी कुमुदिनीबाईंची निम्म्या जिल्ह्याइतकी ऑपरेशनं झाली. ‘प्रिय लाभार्थी, आपली प्रसूती सुखरूप झाली, अभिनंदन,’ असं त्या कुमारिकेला फोनने किती वेळा कळवलं. प्रोस्टेट काढल्याबद्दलही विचारपूस झाली. त्या मेसेज वाचून नाक मुरडायच्या आणि मग वॉर्डात जाऊन ज्याचा त्याला वाचून दाखवायच्या. सुट्टी होताना औषधाच्या पाकिटावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहून द्यायच्या आणि दरडावून सांगायच्या, आता हा तुमचा नंबर, काही झालं तर फोन करायचा. माणसं बिचारी आज्ञाधारक. त्यांनी तो खरोखरच आपला नंबर मानला. रेशनच्या दुकानात तोच दिला, गॅसला तोच, बँकेत तोच. बेटम्यात कुणाचा सिलेंडर निघाला की तुकोगंजात कुमुदिनीबाईंना कळायचं. टाके ओले झाले म्हणून फोन, गोळी जेवणाआधी की नंतर म्हणून फोन, मुलीचं जमलं म्हणून फोन, लसणाचा भाव पडला म्हणूनही फोन. त्या सगळ्यांवर ओरडायच्या. आणि फोन तासभर वाजला नाही तर उचलून बघायच्या, रेंज आहे ना.

आता तो एक फोन.

मोहन नावाचा माणूस बेटम्याच्या मंडीत बारदान शिवायचा, म्हणजे धान्याची फाटकी पोती सुतळीने शिवून पुन्हा भरण्याजोगी करायचा. साठीच्या आसपास, बायको मेलेली, मूलबाळ नाही. पित्ताशयाच्या खड्यांसाठी यमुनाबाईत भरती झाला, तर सोबत कुणी नाही. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि नातं लिहायचं असतं. तो रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. काउंटरवरचा मुलगा विचारत राहिला, कोई तो होगा बाबा? मोहन खाली बघत बसला. कुमुदिनीबाईंना ते बघवेना. का बघवेना, हे त्यांच्या फॉर्मवर तो रकाना कसा भरला गेला असता याचा विचार केलात तर कळेल. त्यांनी मुलाला बाजूला केलं आणि स्वतः टाइप केलं: कुमुदिनी दिघे. नातं: बहीण. उभ्या जन्मात कागदावर खोटं असं त्यांनी तेवढंच लिहिलं.

मोहनला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं काय लिहिलं. त्यांनी सांगितलं. त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. पण घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. फोन त्याचा नव्हता, मंडीत जो हाताशी सापडेल त्याचा. त्याला टाक्यांचं काही विचारायचं नव्हतं, गोळ्यांचं नव्हतं.

“बेन, रोटी खई ली के नी?”

बेन म्हणजे बहीण. जेवलीस की नाही, एवढंच. कुमुदिनीबाईंनी सवयीने खेकसून विचारलं, काम काय आहे? काम काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, खाते आहे. तो म्हणाला, अच्छा, आणि फोन ठेवला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला, कधी या नंबरावरून, कधी त्या, पण फोन यायचा. एवढंच विचारायचा आणि ठेवायचा. पूर्वी कुमुदिनीबाई संध्याकाळी काहीतरी उभ्याउभ्याच तोंडात टाकायच्या. एकटीसाठी कोण कुकर लावतं? आता खोटं कसं सांगायचं म्हणून त्या खिचडी टाकायला लागल्या. ताट वाढून घ्यायच्या, शेजारी फोन ठेवायच्या. पन्नाशी उलटून गेल्यावर माणसाला कुणीतरी जेवलात का विचारावं याचं इतकं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्यांना रोज विचारलं जातं त्यांना ते कळायचं नाही.

हे असं दोनेक वर्षं चाललं, आणि एके सकाळी हॉस्पिटलच्या बिलांचे पैसे येणं एकदम थांबलं. आधी सगळ्यांना वाटलं, नेहमीचा उशीर. मग पत्र आलं. वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरने शोधून काढलं होतं, की यमुनाबाई रुग्णालयाच्या शेकडो पेशंटांचा मोबाईल नंबर एकच आहे. आता एका नंबरावर शेकडो माणसं म्हणजे ती माणसं खोटी, पेशंट बनावट आणि बिलं लुबाडणुकीची, असंच कुणालाही वाटणार. चौकशी होईपर्यंत सगळी बिलं रोखलेली. नवी, जुनी, सगळी.

ॲडमिनिस्ट्रेटर विक्रांत हा नाशिकहून आलेला तरुण, हुशार, आवाज न चढवणारा. तो पत्र घेऊन कुमुदिनीबाईंच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. त्यांनी नंबर वाचला. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. विक्रांत त्यांच्यावर रागावला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्या महिन्यात पगार झाला नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा. आयाबाया त्यांच्या टेबलावरून जाताना पूर्वीसारख्या घाबरत नव्हत्या, नुसत्या बघायच्या. एकीने मुलाच्या फीसाठी ॲडव्हान्स मागितला आणि कुमुदिनीबाईंनी स्वतःच्या पर्समधून काढून दिला. ती घेऊन गेली, पण थँक्यू म्हणाली नाही. औषधवाल्याने उधारी बंद केली. ट्रस्टचे सेक्रेटरी मालोजीराव, पांढऱ्या मिशांचे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे जुने इंदूरकर, त्यांनी बोलावून घेतलं.

“कुमुदिनीजी, तुम्ही एक पैसा नाही खाल्ला हे मला मालूम आहे,” ते म्हणाले. “पण आता ह्या मशीनला कोण समजावणार?”

मशीनला समजवायला मनीषजी आले, चौकशीचे अधिकारी. माणूस सभ्य. त्यांनी गावोगाव माणसं पाठवली. आणि काय सांगू, पेशंट सगळे खरे निघाले! चौकशीवाला दिसला की लोक भर रस्त्यात शर्ट वर करून टाक्यांचे व्रण दाखवायला लागले. हा नंबर कुणाचा विचारलं तर म्हणायचे, हमारा. तुमचा कसा? तर म्हणे, मॅडमने दिलाय. मनीषजी हसले, आणि म्हणाले की दिघे मॅडमनी एक शपथपत्र द्यावं: मदत म्हणून नंबर दिला, या पेशंटांशी माझं कुठलंही नातं किंवा संबंध नाही, त्यांच्याकडून कुठलीही वस्तू घेतलेली नाही. आणि तो नंबर कायमचा बंद करावा, कारण लोक जिथे तिथे तोच देत राहणार आणि मशीन पुन्हा लाल दिवा लावणार. तेवढं झालं की पैसे सुटतील. कुमुदिनीबाई हो म्हणाल्या. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

अडलं ते एका मोहनवर. त्याच्या फॉर्मवर बहीण लिहिलेलं, आणि चौकशीवाल्यांना त्याने तोंडानेही तेच सांगितलं, मेरी बेन है. आता बहीण म्हणावं तर कुमुदिनीबाईंनी स्वतःच्या भावाचं बिल स्वतःच पास केलेलं. नाही म्हणावं तर खोटं लिहिलेलं. दोन्हीकडून चोर. विक्रांतने वाट काढली. ती नोंद नजरचुकीने झाली असं त्यांनी लिहायचं आणि मोहनने कबूल करायचं, की ही माझी कुणी नाही. सरकारी कागदात नजरचूक या शब्दाइतका दयाळू शब्द दुसरा नाही. पण मोहनने अंगठा द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, बेन को लाओ, वो कहे तो मानूँ.

म्हणून कुमुदिनीबाई बेटम्याला निघाल्या. एकट्याच, बसने. पर्समध्ये कागद, शाईचं पॅड, आणि आणखी एक चिठ्ठी. नवीन सिम घेतलं होतं, त्याचा नंबर त्या चिठ्ठीवर लिहिला होता. आदल्या संध्याकाळी फोन आला तेव्हा त्यांनी नुसतं सांगितलं होतं, मी उद्या येते आहे. कशाला, ते सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. सगळ्या वाटेवर त्या हेच स्वतःला बजावत बसल्या, आणि बस पोचली.

मोहन मंडीच्या फाटकाशी उभा होता. धुतलेला सदरा, केसांना तेल. ओळखू येईना, कारण वॉर्डात पाहिलं त्यानंतर कुमुदिनीबाई त्याला फक्त आवाजानेच ओळखत होत्या. त्याची खोली मंडीच्या मागच्या बाजूला. चहावाल्याकडून खुर्ची मागून आणली होती. कचोरी आणली होती. आसपासच्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या, कारण मोहनची बहीण इंदूरहून आली होती. दाराच्या चौकटीवर गेरूने मोठ्या आकड्यांत एक नंबर रंगवलेला होता, कुठल्याशा पेंटरकडून काढून घेतलेला. कुमुदिनीबाईंनी तो पहिले दोन आकडे वाचूनच ओळखला आणि नजर वळवली.

तेवढ्यात मोहनने पेटीतून एक कागदी पुडकं काढलं. हिरवं लुगडं होतं, जाडंभरडं, लाल काठांचं. बहीण पहिल्यांदा घरी आली, ती रिकाम्या हाताने कशी जाईल? कुमुदिनीबाईंनी पुडकं हळूच परत त्याच्याकडे सरकवलं. शपथपत्रात लिहिलं होतं, कुठलीही वस्तू घेतलेली नाही. आणि त्या पडल्या नियमाच्या. आता यावर कुणी म्हणेल, अगं बाई, घ्यायचं ना ते, कोण बघत होतं? पण त्या तशा असत्या तर आयुष्यभर त्या खुर्चीवर टिकल्या असत्या का?

त्यांनी बायकांना जायला सांगितलं, कागद काढला, आणि सगळं सांगितलं. पगार थांबलेत, आयाबायांच्या घरी चूल अडली आहे, औषधं येत नाहीत, पेशंट परत जाताहेत. मोहन ऐकत होता. सुतळीने चिरलेली बोटं गुडघ्यावर ठेवून. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, हे तू लिहिलंस? त्या म्हणाल्या, हो, सही माझी आहे. दुसरी, अंगठा दिला तर त्या बायकांना पगार मिळेल? त्या म्हणाल्या, मिळेल.

“तो लाओ,” मोहन म्हणाला. “इसमें क्या है.”

त्याने अंगठा दिला आणि शाई तिथल्याच एका पोत्याला पुसली. लुगडं परत कागदात गुंडाळलं, पेटीत ठेवलं आणि कडी लावताना म्हणाला, रखा है, तुम्हारा ही है. मग बसपर्यंत सोडायला आला. कुमुदिनीबाईंच्या पर्समध्ये ती चिठ्ठी होती. नवा नंबर. मनीषजींनी नवा नंबर कुणाला देऊ नका असं काही म्हटलं नव्हतं. पण ज्या हाताने ‘ही माझी कुणी नाही’ यावर अंगठा घेतला त्याच हाताने ती चिठ्ठी कशी द्यायची? हा माझा नंबर, पण तू माझा कुणी नाहीस, असं? बस सुटेपर्यंत त्यांची बोटं पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. त्याने मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. चिठ्ठी तुकोगंजात परत आली. इतकी हिशेबी बाई, पण इथे तिचं गणित साफ चुकलं, असं मला तरी वाटतं.

पैसे सुटले. पगार झाले, मागचाही आणि चालूही. नर्सेसनी पेढे वाटले. विक्रांतने सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि काउंटरवर दोन सरकारी टॅब आले, आता ज्याच्याकडे फोन नाही त्याचा अंगठा किंवा चेहरा चालतो. सगळं रीतसर झालं. जुना नंबर बंद पडला. नव्या फोनवर बँकेचे मेसेज यायचे, विजेच्या बिलाचा यायचा, आणि कधी कधी कर्ज हवं का विचारणारी एक मुलगी फोन करायची. तिच्याशी कुमुदिनीबाई गरजेपेक्षा जरा जास्त बोलायच्या. प्रसूती थांबल्या, सिलेंडर थांबले, लसणाचा भाव काय चाललाय कळेना. मोहनला उलटा फोन करावा तर कुठे? त्याचा फोनच नव्हता, आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनवरून तो बोलायचा ते नंबर जुन्या फोनबरोबर गेले. पुन्हा बेटम्याला जावं असं दर रविवारी मनात यायचं. पण जाऊन म्हणायचं काय? सोमवार यायचा.

संध्याकाळी पुन्हा उभ्याउभ्या खाणं सुरू झालं. कधी चार चमचे पोहे, कधी नुसतं दूध. आणि एक खोड लागली. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते ना, तसं. दिवेलागणीला त्या आपलाच जुना नंबर लावायच्या. पलीकडून बाई सांगायची, आपके द्वारा डायल किया गया नंबर मौजूद नहीं है. कुमुदिनीबाई ऐकून घ्यायच्या आणि ठेवायच्या. निदान मोहनलाही हीच बाई भेटली असेल, दोन-चार दिवस लावून त्याने सोडून दिलं असेल, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी आली. भाऊबीजेला रघुवीरचं चित्र आलं. या वर्षी पणत्या हलत होत्या. कुमुदिनीबाईंनी दोन्ही हात जोडलेलं एक चित्र उलट पाठवलं आणि गॅलरीत बसल्या. शेजारच्या फ्लॅटमध्ये ओवाळणीचा गोंधळ चालला होता. पाऊस संपता संपता ती जुना नंबर लावायची खोड त्यांनी निश्चयाने मोडली होती, पण त्या दिवशी अंधार पडला तशी बोटं पुन्हा नंबरावर गेली.

आणि या वेळी ती बाई बोललीच नाही. पलीकडे रिंग जात होती. त्या दचकून ठेवणारच होत्या, तोवर कुणीतरी उचलला. कॉलेजातली वाटणारी मुलगी होती. हॅलो, हॅलो, कौन? कुमुदिनीबाई गडबडल्या. म्हणाल्या, माफ करा, हा नंबर पूर्वी माझा होता, चुकून लागला. मुलगी एकदम म्हणाली, अच्छा, म्हणजे त्या तुम्ही का? तिचं नाव ईशा, ती उज्जैनची. सिम घेतल्यापासून ती वैतागली होती. गॅसवाले, बँकवाले, कोण कोण. आणि त्यातही रोज संध्याकाळी एका म्हाताऱ्याचा फोन. रोज वेगळ्या नंबरावरून, म्हणून ब्लॉकही करता येईना. विचारतो काय, तर रोटी खई ली के नी. राँग नंबर सांगितलं की बिचारा म्हणतो, अच्छा बेटा, माफ करना. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो.

“आज भी आएगा,” ईशा म्हणाली. “आप उनकी कौन लगती हैं? मैं क्या बोलूँ उनको?”

कुमुदिनीबाईंची नजर आत गेली. आत कपाटात शपथपत्राची प्रत होती, स्टॅम्पपेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासकट. कुठलंही नातं किंवा संबंध नाही. त्यांनीच सही केलेलं, त्यानेच अंगठा दिलेलं. डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पलीकडे ईशा दोनदा हॅलो म्हणाली.

“बहन लगती हूँ,” त्या म्हणाल्या. “उनका फोन आए तो मेरा ये नंबर देना. और कहना, बेन ने रोटी खा ली.”

ईशा बरं म्हणाली आणि तिने नंबर लिहून घेतला. कुमुदिनीबाईंनी फोन ठेवला. मग उठून आत गेल्या, दिवा लावला आणि डाळतांदूळ धुवून कुकर चढवला, कारण जेवल्या कुठे होत्या त्या अजून.